हमीदाबीला न पटलेलं विमान

हमीदाबीनं मला खोली दिली, पण मी खरोखरच मास्तरीण आहे यावर तिचा विश्वास बसायला बराच काळ जावा लागला. मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी तरुण होते आणि एकटी होते. एकटी बाई नोकरीसाठी घरदार सोडून इथवर येते म्हणजे यामागं काहीतरी असलंच पाहिजे, असं तिचं मत. तोंडावर तिनं काही विचारलं नाही. एके दिवशी मी वर्गात बाराखडी घेत होते, तेव्हा बुरख्यातली एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. नातीचं नाव घालायचं आहे म्हणाली, मला चार प्रश्न विचारले, मुलींना दोन विचारले आणि निघून गेली. आवाज ओळखीचा वाटला. संध्याकाळी घरी आले तर हमीदाबीनं माझ्यासाठी चहा करून ठेवला होता. म्हणाली, "शिकवता तं बरं तुमी."

तिला नात नव्हती. मूलबाळच नव्हतं.

पुढं कळलं की हा बुरखा ती एरवी घालतच नसे. ती बांगड्या विकणारी बाई. डोक्यावर पदर घेऊन, दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे जुडगे खांद्यावर टाकून ती गावभर हिंडे, आठवडी बाजारात बसे, लग्नाघरी नवरीला चुडा भरायला जाई. बुरखा होता तो फक्त चौकशीसाठी. "ओळख देल्ली का माणूस आपल्या मापाचं उत्तर शिवून देते," ती म्हणायची. नवरा शिंपी असल्यामुळं तिच्या बोलण्यात मापं आणि शिवण फार.

तिचा विश्वास कशावरच नव्हता. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो ओघळतो का थांबतो हे पाहिल्याशिवाय ती गवळ्याला जाऊ देत नसे. तहसील कचेरीत तास वाजे, तो तिला मंजूर नव्हता, कारण तिथला शिपाई दुपारी झोपतो हे तिनं स्वतः पाहिलं होतं. कुठलीही गोष्ट ती तीन माणसांना विचारी, तीन वेगळ्या दिवशी, आणि तिन्ही उत्तरं एकमेकांवर ठेवून पाही. बांगडी घेतानाही तसंच. एक दुसरीवर हलकेच वाजवून कानाशी धरायची. आतून तडकलेली बांगडी वेगळी बोलते. माझ्याशी बोलतानासुद्धा ती मान किंचित कलती करून ऐके, तेव्हा मला उगाच आपण कुठं तडकलोय की काय असं वाटायचं.

तिचा नवरा रज्जाकमिया लग्नानंतर थोड्याच वर्षांत रंगूनला गेला होता. तिथं त्याचं शिलाईचं दुकान बरं चाललं. मागाहून त्यानं धाकटा भाऊ यासीन यालाही नेलं. रज्जाकमिया आधी दर दोन-तीन वर्षांनी यायचा, मग येणं लांबत गेलं. मी राहायला गेले तेव्हा त्याला येऊन इतका काळ झाला होता की गल्लीतल्या नव्या सुनांनी त्याला पाहिलेलंच नव्हतं. पैसे मात्र येत, खुशाली येई. कधी कोणी तिकडून आलं तर सांगे की एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर रज्जाकमियाची मोठी वट आहे, साहेबाची लेकरं त्याच्या मांडीवरून उतरत नाहीत. गल्लीतल्या बाया हमीदाबीची समजूत घालत. म्हणत, रंगून का जवळ हाय, बाप्पा? समिंदराच्या पल्याड. माणूस येईन तरी कसा घडीघडी?

ती ऐकून घेई. पण ऐकून घेणं आणि पटणं वेगळं.

एकदा मी शाळेचा आशियाचा नकाशा दुरुस्त करायला घरी आणला होता. कापड उसवलं होतं. हमीदाबीनं सुई-दोरा आणला आणि शिवता शिवता विचारलं की यात मंगरूळ कुठं आहे. मी सांगितलं, एवढ्या मोठ्या मुलखाच्या नकाशात मंगरूळ दाखवत नाहीत.

"मंगरूळच नाई याच्यात," ती म्हणाली, "मंग रंगून खरं कशावरून?"

मी तिला नागपूर दाखवलं, कलकत्ता दाखवलं, मग निळा समुद्र ओलांडून रंगून. तिनं बोटानं माप घेतलं. नागपूर ते कलकत्ता आणि कलकत्ता ते रंगून, अंतर जवळजवळ सारखंच भरलं. ती बराच वेळ बोट तसंच धरून बसली. मग तिनं विचारलं, नागपूरचा माणूस कलकत्त्याहून घरी येतो की नाही? मी म्हटलं, येतो. पण इकडं रेल्वे आहे, तिकडं समुद्र आहे, जहाजाला तीन-चार दिवस लागतात. "तीन-चार दिवस," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

मग लढाई लागली आणि रंगूनवर जपान्यांचे बॉम्ब पडले. आमच्या गावात ही बातमी आली तेव्हा तिनं ती नेहमीप्रमाणे तिघांना विचारली. तिघांनीही एकच सांगितलं. माझ्या आठवणीत तिन्ही उत्तरं जुळल्यामुळं ती घाबरली असा हा एकच प्रसंग. पैसे बंद झाले, खुशाली बंद झाली. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी, कारंज्याहून येणाऱ्या, कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीतून यासीन एकटाच उतरला.

त्याच्याजवळ सामान नव्हतं. अंगावर कोण्या इंग्रजाचा ढगळ कोट होता. अंगणातल्या खाटेवर बसून त्यानं जे सांगितलं ते ऐकायला निम्मी गल्ली जमली होती. रंगून रिकामं होत होतं. माणसं जहाजावर चढायला एकमेकांना तुडवत होती, ज्यांना जहाज मिळालं नाही ती जंगलातून पायी निघाली होती. साहेबाची मेमसाहेब दोन लेकरं घेऊन विमानानं निघाली. लेकरं सांभाळणारी आया भिऊन आपल्या गावी पळून गेली होती, म्हणून मेमसाहेबानं लेकरू धरायला यासीनला विमानात बसवलं. सकाळी बसले, मध्ये एका ठिकाणी उतरले, पुन्हा उडाले आणि दुपारी कलकत्ता. सारे मिळून चार-पाच घंटे. भाई मागं राहिला. येईन म्हणाला.

हमीदाबीनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं की कारंज्याहून इथं यायला किती वेळ लागला. यासीननं सांगितलं, मोटर दोनदा बंद पडली, रात्र रस्त्यातच काढावी लागली.

"कारंज्याहून मंगरूळले यायले एक दिवस अन् एक रात," ती म्हणाली, "अन् सारा समिंदर चार घंट्यात."

त्या दिवसापासून ती त्या चार घंट्यांच्या मागं लागली. विमानाला ती इमान म्हणे. आमच्याकडं सगळेच म्हणत. इमान किती उंच जातं, किती माणसं बसतात, त्याचा आवाज कसा असतो, खाली समुद्र दिसतो का, दिसतो तर कोणत्या रंगाचा, हे ती यासीनला आठवड्यातून एकदा तरी विचारी, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून. मलाही विचारलं. मी शाळेतली पुस्तकं चाळून सांगितलं की विमान तासाला दीडशे-दोनशे मैल जातं, त्या हिशेबानं चार-पाच तास बरोबर आहेत. पलटणीतून सुटीवर आलेल्या एकाला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. तेव्हा तिनं विमान कबूल केलं.

"इमान खरं हाय," ती मला म्हणाली. "त्याच्यात बसणारा खोटा हाय. लेकरं रज्जाकमियाच्या मांडीवर खेळत. यासीनले तं त्यायनं धड पाहिलंबी नसन. मंग मेमसाहेबानं लेकरू धराले याले काहून बोलावलं?"

जागा तिच्या नवऱ्याची होती, यासीननं ती कशीतरी बळकावली, असं तिच्या मनानं घेतलं. भावाला फसवलं असेल, मेमसाहेबाला काही खोटं सांगितलं असेल, नाहीतर रज्जाकमिया आजारी पडलेला पाहून पळ काढला असेल. ती हे बोलली, आणि गावाला ते पटलं. इंग्रज बाई शिंप्याच्या धाकट्या भावाला विमानात बसवते, ही गोष्ट गावालाही आधीपासून घशाखाली उतरत नव्हतीच.

शेवटी तिनं जमातीच्या चार बुजुर्गांना घरी बोलावलं. जुम्म्याची नमाज झाल्यावर ते आमच्या अंगणात बसले. ती दाराच्या पडद्यामागं उभी, मी तिच्या शेजारी. पेशइमाम वयस्कर होते, आवाज मऊ होता. त्यांनी यासीनला एवढंच म्हटलं, की विमानातली जागा तुझीच होती असं कुराणावर हात ठेवून सांग, आम्ही उठून जातो.

यासीन खाली पाहत बसून राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "कसम नाही खात मी."

पडद्यामागं हमीदाबीनं माझा दंड धरला होता. तिला जिंकल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण तिची बोटं थंडगार होती.

त्यानंतर यासीनला कोणी कापड शिवायला देईना. तो कापसाच्या जिनात पोती शिवायला जाऊ लागला. हमीदाबी त्याच्यासाठी थाळी वाढून उंबऱ्याबाहेर ठेवी. नवऱ्याच्या भावाला उपाशी ठेवणं तिला हराम होतं. पण त्याच्याशी बोलणं बंद. तो संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन येई, बाहेरच जेवे आणि ओट्यावर झोपे.

आणि इकडं तिचंही काम आटत चाललं. हिंदूंच्या लग्नाघरी सवाष्णीच्या हातानं चुडा भरतात. तिचा नवरा आहे की गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. लोक स्पष्ट बोलत नसत. औंदा दुसरीला सांगितलंय, म्हणत. एकदा अशा घरून परत आली आणि बांगड्यांचे जुडगे खुंटीला अडकवता अडकवता म्हणाली, "बाई, मी कोण हाय थे तरी कळू द्या मले."

पुढच्या वर्षी तिच्या कानावर आलं की कामरगावचा एक माणूस रंगूनहून पायी आला आहे. गणपत त्याचं नाव. रंगूनच्या ज्या बाजारात रज्जाकमियाचं दुकान होतं, तिथंच तो पहारेकरी होता. हमीदाबीनं खुंटीवरचा बुरखा काढला. मला म्हणाली, तुमी चला, मास्तरीण संगं असली का लोक नीट बोलते. सुटीचा दिवस पाहून आम्ही निघालो, कारंज्यापर्यंत मोटर आणि पुढं बैलगाडी.

गणपत कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. माणूस उंच, पण आतून सगळा पोकळ झाल्यासारखा. पायांवर फडकी गुंडाळलेली. हमीदाबीनं आपलं नाव सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका बाईचा माणूस तिकडं होता, तिला चौकशी हवी आहे, एवढंच म्हणाली. मग तिनं नाव घेतलं.

"रज्जाकमिया का?" गणपतचा चेहरा उजळला. "लय चांगला माणूस. मी निघालो तवा बोललो त्यायले, चला संगं. थे म्हणे, बायको ओली बाळंतीण हाय, पोरगी इतकुशी, त्यायले टाकून कसा येऊ? इमानात जागा भेटली होती त्यायले. मेमसाहेब त्यायलेच न्याले तयार होती. थे जागा त्यायनं भावाले देल्ली. भाऊ जात नव्हता, रडत होता. त्यायनंच दटावून बसवलं त्याले."

मी तिच्याकडं पाहिलं. बुरख्यामुळं काहीच दिसत नव्हतं. त्या माणसाला थांबवावं असं वाटलं, पण काय म्हणून थांबवणार? तो आपलं चांगलंच बोलत होता.

तिनं त्याच आवाजात विचारलं, "बायको कोण्या गावची?"

"तिथलीच. बरमी. लय वर्षं झाले. एक पोरगा हाय मोठा, दुकानात बसे."

मग हमीदाबीनं विचारलं, "इमानाले चार-पाच घंटे लागते म्हणे?"

"मले काय माईत, बाई," गणपत म्हणाला, "मी तं पायी आलो."

परतताना गाव मागं पडल्यावर तिनं बुरखा काढला, त्याची घडी केली आणि मांडीवर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बराच वेळ बैलांकडं पाहत राहिली. मग मान कलती करून तिनं मला विचारलं, "तुमाले माईत होतं का, बाई?"

मी नाही म्हटलं. तिनं आणखी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

घरी पोचलो तेव्हा यासीन ओट्यावर बसला होता. हमीदाबीनं थाळी वाढली आणि ती आत, चुलीपाशी ठेवली. त्याला आत बोलावलं. तो दारात घुटमळला, मग आला आणि बसला. तिनं विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं?"

त्याचा हात थाळीवरच थांबला. मग तो म्हणाला, "नूरी."

"काहून नाई सांगतलं तू?"

मी उठून जायला लागले तर तिनं हातानं मला बसवलं.

"भाभी," तो म्हणाला, "तुमी माझ्यावर शक घेतला, तं माझे शिवायचे कपडे गेले. भाईवर घेतला असता, तं तुमचं घर गेलं असतं."

ती उठली, मडक्यातलं पाणी त्याच्यापुढं ठेवलं आणि पाठ करून चूल सारखी करत बसली. तो जेवत होता तोवर ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेशइमामांच्या घरी गेली. बुरखा न घालता गेली. यासीन सच्चा आहे, मी खोटी पडली, त्याला काम द्या, असं सांगून आली. का, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, तर म्हणाली, मले कळलं. गल्लीतल्या बायांना तिनं सांगितलं की नवरा जिवंत आहे. कशावरून, असं त्यांनी विचारलं. यावर ती गप्प. दुसऱ्या बायकोचं नाव तिनं या गावात कधी काढलं नाही. मलाही तोंडानं बजावलं नाही, नुसती पाहायची.

पण गाव तिच्याच हाताखाली शिकलेलं. कालपर्यंत दिराला उंबऱ्याबाहेर जेवू घालणारी भावजय आज त्याला चुलीपाशी बसवते आणि त्याच्यासाठी बुजुर्गांच्या पाया पडते, यात काय असेल? कुजबुज सुरू झाली. आता लोक तिला वेगवेगळ्या कोपऱ्यांतून प्रश्न विचारू लागले. एकदा पाण्यावर एकीनं काहीतरी वेडंवाकडं बोलून दाखवलं. मी चिडले, भांडायला निघाले. तिनं मला अडवलं. तिला हसू आलं होतं. "विचारू द्या," ती म्हणाली. "तिघीयले विचारून पाहातीन, अन् मंग जमन नाई तं सोडून देतीन."

त्यांनी सोडलं नाही. पण तिनंही खरं सांगून स्वतःची सुटका करून घेतली नाही. दोन-तीन शब्दांत ती मोकळी झाली असती. लढाई संपेपर्यंत ती त्याच गल्लीतून, तेच जुडगे खांद्यावर टाकून, ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडं गेली, आणि ज्यांनी बोलावलं नाही त्यांच्या दारावरून सरळ पुढं गेली.

लढाईनंतर साहेबाचं बिऱ्हाड रंगूनला परतलं आणि तिकडून निरोप आला. रज्जाकमिया जिवंत आहे. दुकान उभं केलं आहे, पण हात कापतो, एकट्यानं निभत नाही, यासीनला पाठवा. परवाना साहेबानंच काढला होता. घरी येण्याबद्दल निरोपात काही नव्हतं. हमीदाबीनं निरोप आणणाऱ्याला एकदाच विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही.

त्याच सुमाराला माझी बदली झाली. यासीनची कारंज्याकडं जाणारी आणि माझी वाशीमकडं जाणारी मोटर एकाच दुपारी होती. ती आम्हा दोघांनाही पोचवायला आली. यासीन आत बसला, मग पुन्हा खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. भाईला काय सांगू, असं त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या कोटाची गुंडी नीट केली. मग म्हणाली, "सांगजो का रंगून दूर नाई, हे मले समजलं."

त्यानं मान हलवली. रडला नाही, पण पुन्हा मोटारीत चढताना त्याचा पाय पायरीवरून घसरला.

ती ड्रायव्हरकडं वळली. कारंज्याला आगगाडी गाठून देशील का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, देतो. रस्त्यात बंद नाही ना पडणार? तो म्हणाला, नाही, दर्ग्याची शपथ. तिनं मोटारीभोवती एक फेरी मारली. चाकं पाहिली, मागं बांधलेली कोळशाची भट्टी पाहिली, टपावरच्या सामानाची दोरी ओढून पाहिली. मग पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवून ती आत चढली, यासीनच्या शेजारी जाऊन बसली.

"भाभी, तुमी कुठं?" तो म्हणाला.

"गाडीत बसतं का नाई थे पाहाले," ती म्हणाली. "याच्या कसमीवर कोण भरोसा ठेवते."

पुढं मला कोणी सांगितलं की ती कारंज्याहून परत आली. दुसऱ्या कोणी सांगितलं, मूर्तिजापूरच्या मोठ्या स्टेशनापर्यंत गेली होती. एकीनं तर कलकत्त्याचं नाव घेतलं. तिघींची उत्तरं जुळली नाहीत. मी पाहिलं ते इतकंच. मोटर धक्के खात सुरू झाली, चौकातून वळली. खिडकीत हमीदाबी ताठ बसली होती, माझ्याकडं न पाहता. तिचं सगळं लक्ष ड्रायव्हरच्या हातांवर होतं.